‘बायकोपायी वारी मोडली’ म्हणणाऱ्यांना



पालखीतळावरची समाजआरती तुम्ही अनेकदा पाहिली असेल. तळावर टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे शांत होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, समजूत काढतात. त्यानंतरच हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात आणि आरती होते. माउलींच्या सोहळ्यातली ही रीत मला फार मोलाची वाटते. लाखोंच्या समाजात एका दिंडीचे गाऱ्हाणे राहिले, तरी आरती पुढे सरकत नाही.

आज माझे टाळ वाजते ठेवतो आहे. माझे गाऱ्हाणे आहे. ते कुणा परक्याविरुद्ध नाही, तुमच्या-माझ्याविरुद्धच आहे.

आमच्या दिंडीतल्या भिशीची वही माझ्याकडे असते. कोण आले, कोणी किती भरले, कोणाची वळकटी कोणत्या ट्रकमध्ये, कोण कोणत्या राहुटीत, हे सारे मी लिहितो. मागच्या वारीत त्या वहीत एक जोडपे होते. नावे सांगत नाही. आबांची ही अठरावी पायी वारी. काकूंची पहिलीच.

पहिलीच का, हे आधी समजून घ्या. आषाढी येते ती पेरणीच्या तोंडावर. मृगाचा पाऊस झाला की रानात माणूस लागतो, गोठ्यात माणूस लागतो. आबा सतरा वर्षे खांद्यावर पताका घेऊन आळंदीला निघाले, तेव्हा मागे पाभर कोणी धरली? गाभणी म्हैस कोणी सांभाळली? म्हातारी सासू अंथरुणाला खिळली होती, तिचे कोणी केले? काकूंनी. आबांच्या नावावर सतरा वाऱ्या लागल्या. त्या सतरा वाऱ्यांचे अर्धे पाय घरी राबत होते, ते आम्ही कुणीच मोजले नाहीत. सासू गेली, सून घरात आली, तेव्हा कुठे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काकूंच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आले.

आळंदीहून प्रस्थान झाले. पुण्याचे दोन मुक्काम झाले. एकादशीला दिवे घाट चढून आम्ही सासवडला आलो. काकूंच्या टाचेला फोड आला होता, पण त्यांना तो कळलाच नाही. ज्यांना साखरेचा आजार जुना आहे, त्यांच्या पायाला बधिरपणा येतो, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. खडा रुतला तरी समजत नाही. फोड फुटतो, त्यात धूळ-चिखल जातो आणि जखम आतल्या आत चिघळते. जेजुरी झाली, वाल्हे झाले. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातले गेले, तेव्हा काकू काठावर एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. लोणंदला वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून पाहिले आणि स्पष्ट सांगितले, “या पायाने आता एक कोसही चालायचे नाही. रोज पट्टी बदलायची, पाय वर ठेवायचा. हट्ट केलात तर बोट जाईल, कदाचित पाऊलही.”

त्या रात्री राहुटीत बैठक बसली. एक जुने माळकरी म्हणाले, “बाईमाणसाची वारी पांडुरंगाला पोचली. त्यांना सकाळच्या एसटीत बसवून द्या. आबा, तुम्ही मात्र सतरा वर्षांचा नेम मोडू नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटे कशाला बोलू, मीही डोलावली. दुसरे कोणी म्हणाले, काकूंना सामानाच्या ट्रकमध्ये बसू द्या. पण भांडी, सरपण आणि राहुट्यांच्या बांबूंवर बसून, धक्के खात, तो पाय पंढरीपर्यंत कसा नेणार, हे कुणी विचारले नाही.

काकू खाली मान घालून म्हणाल्या, “सतरा वर्सं तुमी गेलात, मी वाट बघितली. अजून एक डाव बघीन. तुमी जावा.”

आबांनी गळ्यातले टाळ काढून माझ्याकडे दिले आणि म्हणाले, “सतरा वर्सं तू थांबलीस. आता मी थांबतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चांदोबाच्या लिंबाकडे निघालो. ती दोघे लोणंदलाच एका भल्या माणसाच्या ओसरीवर राहिली. निघताना मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिले, ‘लोणंदहून गळाले.’ मग उभे रिंगण झाले. माउलींचा अश्व धावला. त्याच्या टापांखालची माती मी कपाळाला लावली आणि स्वतःला धन्य समजलो.

पुढचे ऐका. ती दोघे सहा दिवस त्या ओसरीवर राहिली. आबा पहाटे काकडा म्हणत, दोघे मिळून संध्याकाळी हरिपाठ म्हणत. मधल्या वेळी आबा पाणी तापवून काकूंचा पाय धूत, पट्टी बांधत. ज्या माणसाने घरी कधी स्वतःचे ताट उचलले नव्हते, त्याने हे केले. जखम सुकायला लागल्यावर ती दोघे एसटीने वाकड्या वाटेने पंढरीला आली. दशमीला आम्ही वाखरीहून पंढरीत शिरलो, दमलेभागलेले, पावसाने भिजलेले, तेव्हा आमच्या मुक्कामाच्या मठात काकू पाय पोत्यावर टेकवून एकादशीची भगर निवडत बसल्या होत्या आणि आबा आमच्यासाठी पाण्याची पिंपे भरत होते. एकादशीला काकूंचा पाय भिजवायचा नव्हता, म्हणून आबांनी चंद्रभागेचे पाणी तांब्यातून आणून त्यांच्या मस्तकावर शिंपडले. दोघांनी कळसाला हात जोडले. एवढीच त्यांची वारी.

आता माझे गाऱ्हाणे. दिंडी गावी परतली. सप्ताहाच्या काल्याला पायी वारी करून आलेल्यांना नारळ आणि उपरणे देण्याची आमच्या गावची पद्धत आहे. नावे माझ्या वहीतून वाचली गेली. ही दोन नावे वाचली गेली नाहीत. आबा मंडपात मागे बसले होते, काकू बायकांत. कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अठराव्या वर्षी आबांची बायकोपायी वारी मोडली.” लोक हसले. काही दिवसांनी काकू आमच्या घरी हळद-कुंकवाला आल्या, तेव्हा माझ्या कुटुंबाला म्हणाल्या, “मी गेलेच नसते तर त्यांचा नेम तरी ऱ्हायला असता.”

माउली, ज्या बाईने सतरा वर्षे दुसऱ्याचा नेम आपल्या कष्टावर पेलला, तिच्या तोंडी हे वाक्य आले. ते कोणी आणले? आपण आणले. म्हणून विचारतो, वारी मोडली ती कोणाची? त्या दोघांची, की मंडपात हसणाऱ्यांची?

तुमची बाजू मला ठाऊक आहे, कारण कालपर्यंत ती माझीही होती. तुम्ही म्हणाल, नेम म्हणजे नेम. आज पायाला फोड आला म्हणून थांबला, उद्या पाऊस आला म्हणून थांबेल, परवा ऊन लागले म्हणून. सगळेच गाडीत बसले तर वारीची सहल व्हायला वेळ लागणार नाही. आताच दिवे घाटात फोटो काढण्यापुरते चालणारे कमी नाहीत. हे म्हणणे फेटाळण्यासारखे नाही. नेमाच्या बळावरच ही वाट इतकी शतके चालू राहिली. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. ही शिस्त नसती तर एवढा समाज सुमारे २५० किलोमीटर एकदिलाने चाललाच नसता. मी शिस्तीच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही.

पण शिस्त कशासाठी आहे, हे विसरलो की ती आपल्याच मानेवर बसते. आपण चालतो ते अहंकार झिजावा म्हणून. लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्याला माउली म्हणतात, ते याचसाठी. आणि मग गावी येऊन ‘माझी बाविसावी’, ‘माझी एकही चुकली नाही’ असे मोजत बसलो, तर वाटेत झिजलेला अहंकार वेशीवरच पुन्हा अंगावर चढला असे होते. सोयीसाठी गाडीत बसणारा आणि दुसऱ्याच्या दुखण्यासाठी गाडीत बसणारा, यांत फरक कसा ओळखायचा, असे तुम्ही विचाराल. सोपे आहे. सोयीसाठी बसणाऱ्याला बसताना हलके वाटते. आबांनी टाळ माझ्या हातात दिले, तेव्हा त्यांचा हात कापत होता. मी तो पाहिला होता, आणि तरी वहीत ‘गळाले’ असे लिहिले.

गाडीत बसल्याने वारी बाटते असे ज्यांना वाटते, त्यांना एक आठवण देतो. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत काय झाले? आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. तुम्ही-आम्ही घरात बसून ते पाहिले आणि डोळे पुसले. कशासाठी गेल्या त्या एसटीने? माणसे जगावीत म्हणून. तेव्हा कुणाची हिंमत झाली का म्हणायची, की माउलींची वारी मोडली? लाखो माणसांच्या जिवासाठी प्रत्यक्ष पादुकांनी पायवाट सोडली, ते आपल्याला रास्त वाटले. मग एका बाईच्या पायासाठी एका म्हाताऱ्याने ती सोडली, तर आपल्याला हसू का यावे? का एकच जीव होता म्हणून? का बायकोचा होता म्हणून?

आणखी मागे चला. तुकोबारायांच्या घराण्यात वारी पिढीजात. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीला नेमाने जात. पुढे देवच देहूला त्यांच्याकडे आला, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. खुद्द तुकोबांना एकदा आजारपणामुळे पंढरीला जाता आले नाही. त्यांनी काय केले? जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर पांडुरंगाला पत्र पाठवले. ते पत्राचे अभंग आपल्या गाथेत आहेत, आपण ते गातो, गाताना आपला कंठ दाटतो. तेव्हा माझ्यासारखा कोणी वही घेऊन देहूच्या वेशीवर उभा असता, तर त्याने तुकोबांच्या नावापुढेही ‘गळाले’ असेच लिहिले असते. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, आणि पांडुरंगाची पालखी आजही त्यांच्या भेटीला अरणला जाते. न आलेल्याकडे देव जातो, हा आपल्या संप्रदायाचा रिवाज आहे. न आलेल्याला हसणे हा नव्हे.

पण हे सगळे बाजूला ठेवले तरी चालेल. एकच गोष्ट उरते, आणि ती आपल्या रोजच्या जयघोषात आहे. ‘पुंडलिक वरदा’ असे म्हणताना आपण कोणाचे नाव घेतो, याचा विचार कधी केला आहे का?

पुंडलिक काशीयात्रेला निघाला होता. बायको बरोबर होती. म्हातारे आईबाप त्याच वाटेवर पाय ओढत चालले होते आणि तो त्यांच्याकडे पाहतही नव्हता. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. ज्या ऋषींना काशीची वाटही ठाऊक नव्हती, त्यांच्या आश्रमात गंगा, यमुना, सरस्वती पहाटे येऊन सडासंमार्जन करताना त्याने पाहिल्या. का? तर त्या ऋषींनी आईबापांची सेवा केली होती. पुंडलिकाचे डोळे उघडले. काशी तशीच राहिली. त्याने आईबापांना घेतले आणि परतीची वाट धरली.

म्हणजे माउली, पुंडलिकाची यात्रा मोडली. एका जोडप्याने निम्म्या वाटेवर आपला बेत बदलला, आणि त्यातूनच आपले पंढरपूर उभे राहिले. तो ठरल्याप्रमाणे काशीला पोचला असता, तर काशीत आणखी एक यात्रेकरू वाढला असता. विटेवर कोणी उभे राहिले नसते.

आणि देव तरी तिथे कसा आला? रुक्मिणीमाता रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली. तिला शोधत देव निघाला. बायकोपायीच निघाला, दुसऱ्या कशापायी नव्हे! शोधता शोधता पुंडलिकाच्या दारी आला. पुंडलिक आईबापांचे पाय दाबत होता. त्याने मागे वीट सारली आणि देवाला थांबायला सांगितले. देव थांबला. तो रागावला नाही, ‘माझा बेत मोडला’ असे म्हणाला नाही, परत द्वारकेला गेला नाही. कंबरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे थांबला आहे. आजही रखुमाईचे राऊळ वेगळे आहे आणि आपण आधी विठोबाच्या पायी लागून मग तिच्याकडे जातो. त्या दोन गाभाऱ्यांमधले अंतर आपण दरवर्षी चालतो. तेवढ्या अंतरात ही गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये?

ज्याच्यासाठी आपण चालतो, तो थांबलेला आहे. ज्याच्या नावाने जयघोष करतो, तो परत फिरलेला आहे. आणि आपण मात्र थांबलेल्याला, परत फिरलेल्याला नारळ नाकारतो.

नुसते बोलून मी सुटणार नाही, म्हणून प्रत्येक दिंडीच्या चालकांना आणि विणेकऱ्यांना हात जोडून विनंती करतो. प्रस्थानाआधी प्रत्येकाला साखर, रक्तदाब, गुडघे यांबद्दल विचारून घ्या आणि ते वहीत लिहा. ज्यांना साखर आहे, त्यांचे तळपाय रोज संध्याकाळी कोणीतरी डोळ्यांनी पाहिले पाहिजेत, कारण त्यांना स्वतःला फोड कळत नाही. आपण पायांवर डोके ठेवतो, मग पाय पाहायला लाज कसली? कोणी थांबायचे ठरवले, तर त्याला एकट्याला एसटीत घालून मोकळे होऊ नका. बरोबर माणूस द्या, आणि जो बरोबर थांबेल त्याचाही नेम पुरा समजा. नवऱ्यासाठी बायको थांबली तर ती पतिव्रता, आणि बायकोसाठी नवरा थांबला तर तो बायकोच्या मुठीतला, हा दुजाभाव माळ घातलेल्या माणसाला शोभत नाही. त्यांच्या भिशीतले उरलेले पैसे त्यांच्या हातात द्या. आजारपणात पैसा लागतो. आणि गावी सत्कार करायचाच असेल, तर ज्यांनी मागे राहून पेरण्या उरकल्या, गुरे राखली, म्हाताऱ्यांची उस्तवार केली, त्यांचाही करा. नाहीतर कोणाचाच करू नका. पांडुरंगाने कोणाला नारळ-उपरणे देण्याचे कबूल केलेले नाही.

माझ्याकडून मी एवढे केले. वहीतला तो शब्द खोडला. तिथे लिहिले, ‘दोघे पंढरीस पोचले.’ मग वही घेऊन आबांच्या घरी गेलो, ती ओळ त्यांना वाचून दाखवली आणि काकूंच्या पाया पडलो. टाचेवर व्रण आहे, पण पाऊल शाबूत आहे. काकू संकोचल्या, पाय मागे घेतला. म्हणाल्या, “मला आता परत नगा नेऊ. लोकं यांनला बोलत्यात.” आबा काही बोलले नाहीत. उठले आणि खुंटीवरचे टाळ पुसू लागले.

यंदाच्या वहीचे पहिले पान मी उघडले आहे. पहिली दोन नावे त्यांची लिहिली आहेत, भिशीचा रकाना कोरा ठेवून. काकू येतील की नाही, ते माझ्या हाती नाही. मंडपात जे बोलले आणि जे हसले, त्यांच्या हाती आहे. ते तुमच्याही गावात आहेत. कदाचित हे वाचतही असतील.

‘बायकोपायी’ हा शब्द आपण चेष्टेने उच्चारतो. पण पायी या शब्दाचा एक अर्थ चालत असा आहे, दुसरा कुणासाठी असा आहे, आणि तिसरा पायांपाशी. आबा लोणंदच्या त्या ओसरीवर सहा दिवस तिसऱ्या अर्थाने बायकोपायी बसले होते. पुंडलिकही तसाच बसला होता, आईबापांच्या पायांपाशी. त्याची वारी मोडली असे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा. मग ‘पुंडलिक वरदा’ म्हणताना मात्र आवाज जरा खाली घ्या.

माझे टाळ अजून वाजत आहेत, माउली. निवाडा तुम्ही करा. मग आरतीला उभे राहू.

रामकृष्णहरी!